एक्सएमएलचे झाड आणि जावाची मेमरी : रॅम वाढवावी की कोड बदलावा?

कातळवाट (रत्नागिरी)

नमस्कार मंडळी. आमच्या छोट्या कार्यालयात आंबा आणि काजू व्यापाऱ्यांच्या हिशेबांची जुळवणी करून दिली जाते. वाशीच्या बाजारातून बागायतदाराला आलेली पट्टी (विक्रीचा हिशेब), तीतली आडत, हमाली, गाडीभाडे आणि पेट्यांची संख्या व्यापाऱ्याच्या खात्याशी जुळते की नाही, हे तपासणारा एक जावा प्रोग्रॅम आमच्याकडे आहे. तो येथे पूर्वी काम करणाऱ्या सहकाऱ्याने लिहिलेला आहे. व्यापाऱ्याचे लेखा-सॉफ्टवेअर वर्षभराची सगळी व्हाउचर एकाच एक्सएमएल फायलीत काढून देते. आमचा प्रोग्रॅम ती फाइल जावाच्या डॉक्युमेंटबिल्डरने वाचून मेमरीत तिचे ‘डॉम’ नावाचे झाड उभे करतो आणि एक्सपाथने (झाडातला हवा तो भाग शोधण्याच्या भाषेने) एकेक व्हाउचर काढून तपासतो.

लहान व्यापाऱ्यांच्या फायली सुरळीत जातात. सर्वांत मोठ्या ग्राहकाची फाइल मात्र ९०० एमबीच्या आसपास आहे. सर्व्हरची रॅम ८ जीबी असून त्यातली ६ जीबी मी हीपला (जावाच्या ऑब्जेक्टांसाठी राखलेल्या मेमरीला) दिली आहे. फाइल वाचून झाल्याची नोंद लॉगमध्ये व्यवस्थित येते, बरीच व्हाउचर तपासलीही जातात, आणि मग मध्येच ‘आउटऑफमेमरीएरर : जावा हीप स्पेस’ किंवा कधी ‘जीसी ओव्हरहेड लिमिट एक्सीडेड’ (जीसी म्हणजे नको असलेले ऑब्जेक्ट काढून मेमरी मोकळी करणे) असा संदेश देऊन प्रोग्रॅम बंद पडतो. दुसरी तक्रार अशी की, लहान फायली एकामागून एक दिल्या तरी व्यापलेली मेमरी खाली येत नाही. फाइल वाचणाऱ्या पार्सरमध्येच गळती (सुटायला हवी ती मेमरी न सुटणे) असावी असा मला संशय आहे.

साहेबांचे म्हणणे आहे की हंगामाचे पैसे आलेच आहेत, तर ३२ जीबी रॅम घेऊन टाकू. मला कोड बदलावा असे वाटते, पण कोठून सुरुवात करावी हे ठरत नाही. जाणकारांनी मत द्यावे.

बंदरकाठ

रॅम घ्या. प्रोग्रॅमरच्या पगारापेक्षा ती स्वस्त पडते आणि हंगामात रजेवर जात नाही.

सुरंगी (वेंगुर्ले)

रॅमचा निर्णय घेण्याआधी डॉम काय करतो ते पाहू. फायलीतला प्रत्येक एलिमेंट, प्रत्येक ॲट्रिब्यूट आणि प्रत्येक मजकूर हा मेमरीत एकेक स्वतंत्र ऑब्जेक्ट होतो. त्याला पालक, पुढचा भाऊ, मागचा भाऊ आणि मूळ डॉक्युमेंट यांचे संदर्भ चिकटलेले असतात. ‘पाच ते दहा पट मेमरी लागते’ असे सर्रास सांगितले जाते, परंतु तो आकडा फायलीच्या घडणीवर अवलंबून आहे. टॅग पुष्कळ आणि मजकूर तुटपुंजा असेल तर पट वाढते, आणि हिशेबाची फाइल नेमकी तशीच असते : ‘हमाली’ या एका टॅगच्या पोटात दोन आकडे.

शिवाय वाचायला सोपे जावे म्हणून टाकलेल्या नव्या ओळी आणि त्यांपुढच्या मोकळ्या जागाही मजकुराचे नोड (झाडातले असे ऑब्जेक्ट) होतात. त्या गाळण्यासाठी पार्सर बनवणाऱ्या फॅक्टरीवर एक पर्याय आहे, पण तो डीटीडी (फायलीच्या रचनेचे नियम) असेल तरच काम करतो, कारण कोणती मोकळी जागा निरर्थक आहे हे पार्सरला तेथूनच कळते. तुमच्या फायलीला डीटीडी असण्याची शक्यता कमीच.

दोन प्रश्न आहेत. फायलीचे एन्कोडिंग (अक्षरे बाइटांत लिहिण्याची पद्धत) यूटीएफ-८ आहे की यूटीएफ-१६? आणि पार्सरला थेट फाइल देता, की आधी स्ट्रिंगमध्ये (मेमरीतल्या सलग मजकुरात) वाचून घेता?

कातळवाट

फाइल यूटीएफ-१६ आहे. आणि होय, जुन्या कोडमध्ये ती आधी संपूर्ण स्ट्रिंगमध्ये वाचली जाते, त्यातली काही नको असलेली चिन्हे काढली जातात आणि मग स्ट्रिंगरीडरमधून पार्सरला दिली जाते.

सुरंगी (वेंगुर्ले)

मग झाड उभे राहण्याआधीच ९०० एमबीची स्ट्रिंग हीपमध्ये बसली आहे. चिन्हे काढताना तिची दुसरी प्रत होते आणि काही क्षण दोन्ही सोबत असतात. इनपुटस्ट्रीम थेट पार्सरला द्या. एन्कोडिंग तो फायलीच्या सुरुवातीवरून स्वतः ओळखतो. नको असलेली चिन्हे गाळायचीच असतील, तर वाचता वाचता गाळणारा छोटा फिल्टर-रीडर लिहा. एवढ्याने तुमचे दुखणे बरे होणार नाही, पण हा भार विनाकारण आहे.

उधाण (गुहागर, सध्या पुणे)

कातळवाट यांनी एक महत्त्वाची गोष्ट सहज लिहून टाकली आहे, तिच्याकडे लक्ष वेधतो. फाइल वाचून पूर्ण होते आणि प्रोग्रॅम नंतर पडतो. जेडीके या जावाच्या विकास-संचासोबत येणारा पार्सर हा मूळचा अपाचे झर्सिस आहे, आणि तो झाड लगेच पूर्ण उभे करत नाही. पार्स करताना तो सर्व माहिती आटोपशीर तक्त्यांत साठवतो आणि ज्या नोडला तुम्ही हात लावाल तोच नोड त्या क्षणी खरा ऑब्जेक्ट म्हणून तयार करतो. त्यामुळे पार्स होताच मोजलेली मेमरी फसवी असते. जसजशी एकेक व्हाउचर तपासाल तसतसे झाड फुगत जाते. ही सोय बंद करता येते, ‘डिफर नोड एक्स्पान्शन’ नावाचे फीचर आहे. मात्र तुम्हाला सगळी व्हाउचर पाहायचीच आहेत, म्हणून ती बंद केल्याने फक्त प्रोग्रॅम पडण्याची जागा अलीकडे येईल.

दुसरे, ‘जीसी ओव्हरहेड’चा संदेश पाहता तुम्ही जावा ८ वर असावात. एकूण वेळेच्या ९८ टक्क्यांहून अधिक वेळ कचरा गोळा करण्यात जाऊन २ टक्क्यांहून कमी हीप मोकळी होत असेल, तर पॅरलल कलेक्टर असा हात टेकतो. जावा ९ पासून जी-वन हा मूळ कलेक्टर झाला.

कातळवाट

अंदाज अचूक आहे. जावा ८च आहे.

बंदरकाठ

म्हणजे ३२ जीबी घेतली असती तर फाइल पार पडली असती, हे तरी सर्वांना मान्य आहे ना?

उधाण (गुहागर, सध्या पुणे)

यंदाची फाइल पार पडली असती. पुढच्या वर्षी ग्राहकाने मुलाचाही व्यवसाय त्याच खात्यात घातला, की पुन्हा हाच धागा वर येईल. फायलीसोबत मेमरी वाढत जाणे हा मूळ दोष आहे. आणि एक बारकावा ध्यानात असू द्या. हीप ३२ जीबीच्या आत असते तोवर जावा संदर्भ चार बाइटांत बसवते; ती मर्यादा ओलांडली की प्रत्येक संदर्भ आठ बाइटांचा होतो. संदर्भांनीच भरलेल्या डॉमच्या झाडाला हा बदल सर्वांत जड जातो.

खाजण (मालवण)

आता गळतीच्या संशयाबद्दल लिहितो, कारण पार्सरवर हा आळ नेहमी येतो आणि बहुतेक वेळा तो खोटा ठरतो. कोडमध्ये एखाद्या स्टॅटिक मॅपमध्ये (प्रोग्रॅम संपेपर्यंत टिकणाऱ्या यादीत) किंवा कॅशमध्ये एलिमेंट साठवलेला आहे का, ते शोधा. डॉमच्या प्रत्येक नोडला आपले मूळ डॉक्युमेंट ठाऊक असते. तुम्ही एका व्यापाऱ्याच्या पत्त्याचा एक एलिमेंट जपून ठेवला, तर त्याच्या मागोमाग संपूर्ण डॉक्युमेंट जिवंत राहते आणि कचरा गोळा करणाऱ्याला त्यातले काहीच उचलता येत नाही. आमच्या किनाऱ्यावरच्या भाषेत सांगायचे, तर एका बांगड्यासाठी अख्खी रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) घरात आणून ठेवण्याचा हा प्रकार आहे.

यावर काही जण क्लोननोड वापरतात. त्याचा उपयोग होत नाही, कारण प्रतीचेही मालक-डॉक्युमेंट तेच राहते. रिमूव्हचाइल्डने नोड झाडावरून उतरवला तरी तो जपून ठेवणाऱ्याकडे डॉक्युमेंटचा संदर्भ उरतोच. नोडच हवा असेल तर नव्या, रिकाम्या डॉक्युमेंटमध्ये तो इम्पोर्टनोडने आणावा. त्याहून सरळ मार्ग म्हणजे नोडमधून हवी ती नावे, तारखा आणि रकमा साध्या ऑब्जेक्टमध्ये काढून घ्याव्यात आणि नोड सोडून द्यावा.

खात्री करायची असेल तर प्रोग्रॅम सुरू करताना ‘हीपडम्प-ऑन-आउटऑफमेमरीएरर’ हा पर्याय द्या. पुढच्या वेळी पडेल तेव्हा त्या क्षणाचे हीप फायलीत उतरेल. ती फाइल एक्लिप्सच्या मेमरी ॲनालायझरमध्ये उघडून डॉमिनेटर ट्री (कोणता ऑब्जेक्ट किती मेमरी धरून आहे त्याची मांडणी) पाहा. वरच्या दोन-तीन ओळींतच सगळे कळते.

झावळी

रापणीच्या उल्लेखाने भूक लागली. धागा वाचनखूण म्हणून साठवत आहे.

देवचाफा (अलिबाग)

एक्सपाथकडे कोणी वळले नाही, म्हणून लिहिते. जेडीकेतला एक्सपाथ डॉमवर थेट चालत नाही. तो डॉमवर स्वतःचा आणखी एक तक्ता उभारतो आणि त्यावर शोध घेतो. म्हणजे एका झाडावर दुसरा मांडव. लूपमध्ये प्रत्येक व्हाउचरसाठी पुन्हा पुन्हा शोध घेतला, की वेळ आणि मेमरी दोन्हींवर ताण येतो.

कातळवाट, तुमच्या कोडमधील मार्ग नेमके कसे लिहिले आहेत ते तपासा. व्हाउचरचा नोड संदर्भ म्हणून दिलेला असला तरी मार्ग दोन तिरक्या रेघांनी सुरू होत असेल, तर शोध डॉक्युमेंटच्या मुळापासून सुरू होतो. त्यापुढे एक टिंब हवे. टिंब नसेल तर प्रत्येक व्हाउचरसाठी संपूर्ण वर्षाची फाइल पुन्हा धुंडाळली जाते आणि उत्तर म्हणून पहिल्याच व्हाउचरची रक्कम हाती येऊ शकते. आळशीपणे उभे राहणारे झाड पहिल्याच शोधात पूर्ण उभे राहते, ते वेगळेच.

कातळवाट

खाजण आणि देवचाफा, दोघांचेही आभार. स्टॅटिक मॅप सापडला. खात्याच्या नावावरून खात्याचा एलिमेंट शोधण्यासाठी तो होता आणि एकदा भरला की कधीच रिकामा होत नव्हता. डॉमिनेटर ट्रीमध्ये एकाखाली एक अशी सगळी जुनी डॉक्युमेंट दिसली. तेथे आता नाव आणि खाते क्रमांक एवढेच ठेवले आहेत. लहान फायलींची तक्रार संपली. टिंबही दोन ठिकाणी नव्हते. सुदैवाने तेथे मागितलेली माहिती फायलीत एकदाच येणारी होती. मोठी फाइल मात्र अजून पडतेच. सॅक्सकडे वळावे का?

पाणंद (चिपळूण)

सॅक्स अवश्य वापरा. डेव्हिड मेगिन्सन यांच्या पुढाकाराने १९९८ साली आलेली ही पद्धत आजही तितकीच भरवशाची आहे. पार्सर पुढे वाचत जातो आणि टॅग उघडला, मजकूर आला, टॅग बंद झाला एवढेच तुम्हाला कळवतो. मागचे काही साठवत नाही, त्यामुळे फाइल ९ एमबीची असो वा ९०० एमबीची, पार्सरला लागणारी मेमरी जवळपास तेवढीच राहते.

एकच सावधगिरी. मजकूर एका तुकड्यात येईलच असे गृहीत धरू नका. पार्सरचा बफर संपला की ‘गणपतीपुळे’ हे नाव एकदा ‘गणप’ आणि नंतर ‘तीपुळे’ असे दोन वेळा येऊ शकते. टॅग उघडताना स्ट्रिंगबिल्डर रिकामा करायचा, मजकूर येईल तसा त्यात जोडायचा आणि टॅग बंद झाल्यावरच वाचायचा. ही चूक चाचणीत सापडत नाही, कारण छोटी फाइल एका बफरमध्ये मावते.

सुरंगी (वेंगुर्ले)

पाणंद, सॅक्सबद्दल आदर आहे, परंतु व्हाउचरसारख्या चार पातळ्या खोल रचनेसाठी सॅक्स लिहिणाऱ्याला ‘आपण सध्या कोठे आहोत’ हे स्वतःच लक्षात ठेवावे लागते. महिन्याभराने तो कोड लिहिणाऱ्यालाही उमगत नाही. स्टॅक्स या ओघात वाचण्याच्या दुसऱ्या पद्धतीत सूत्रे आपल्या हाती असतात. पुढची घटना आपण मागायची, नको असेल तर पुढे जायचे. जावा ६ पासून ते जेडीकेत आहे, वेगळे काही आणावे लागत नाही. मजकुराचे तुकडे आपोआप जोडण्याचाही पर्याय त्यात आहे.

माझी शिफारस मधल्या मार्गाची आहे. स्टॅक्सच्या एक्सएमएलस्ट्रीमरीडरने फाइल वाचत जावे, व्हाउचरचा टॅग उघडला की तेवढाच भाग जॅक्सबी या एक्सएमएलचे जावा ऑब्जेक्ट बनवणाऱ्या लायब्ररीच्या अनमार्शलरकडे सोपवावा, तयार झालेला व्हाउचर ऑब्जेक्ट तपासावा आणि सोडून द्यावा. एका वेळी एकच व्हाउचर मेमरीत राहते आणि तपासणीचा जुना कोड फारसा बदलावा लागत नाही. जॅक्सबीकॉन्टेक्स्ट एकदाच तयार करा; तो महागडा असतो आणि अनेक थ्रेडना (एकाच वेळी चालणाऱ्या कामांना) सोबत वापरता येतो. अनमार्शलर मात्र प्रत्येक थ्रेडचा वेगळा हवा. पुढे जावा बदलणार असाल तर जॅक्सबी जावा ११ पासून जेडीकेत नाही, ती लायब्ररी वेगळी जोडावी लागेल.

उधाण (गुहागर, सध्या पुणे)

सुरंगी यांच्या मार्गाला पाठिंबा आहे, पण त्यात एक खड्डा आहे. अनमार्शलरने व्हाउचर वाचले की रीडर त्या व्हाउचरच्या बंद टॅगच्या पुढच्या घटनेवर उभा असतो. लूपच्या शेवटी नेहमीच्या सवयीने नेक्स्ट लिहिले, तर ती घटना हातची जाते. दोन व्हाउचरच्या मध्ये नवी ओळ असेल तर जाणारी घटना म्हणजे ती मोकळी जागा, आणि कोणाला काही कळत नाही. पण फाइल सलग, एकाच ओळीत असेल, तर जाणारी घटना म्हणजे पुढच्या व्हाउचरचा उघडणारा टॅग. मग एक आड एक व्हाउचर गाळले जाते. एररही येत नाही. फक्त बेरीज निम्म्यावर येते. म्हणून अनमार्शल केल्यानंतर नेक्स्ट न बोलावता रीडर आहे त्याच घटनेची पुन्हा तपासणी करावी. चाचणीसाठी एकच फाइल ओळी पाडून आणि ओळी न पाडता अशी दोन्ही प्रकारे द्यावी.

बंदरकाठ

निम्मी बेरीज बागायतदाराला दाखवून पाहा. आउटऑफमेमरीएरर काय असतो ते तो समजावून सांगेल.

देवचाफा (अलिबाग)

मला एक शंका आहे. सगळे ओघात वाचायचे म्हटले तर मागे वळून पाहता येत नाही. व्हाउचरमध्ये खात्याचे फक्त नाव असते, आणि खात्यांची यादी फायलीच्या शेवटी आली तर? डॉमचा खरा फायदा हाच आहे की कोणत्याही फांदीवरून कोणत्याही फांदीवर जाता येते. तो सोडताना काय गमावतो आहोत, हेही सांगायला हवे.

खाजण (मालवण)

शंका रास्त आहे. उपाय म्हणजे फाइल दोनदा वाचणे. पहिल्या फेरीत फक्त खाती, दुसऱ्या फेरीत व्हाउचर. ओघात वाचणे इतके हलके असते की दुसरी फेरी परवडते.

मी हाच प्रश्न ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या फायलीत हाताळतो. किनारपट्टीचे नकाशे काढण्यासाठी मी तिच्या एक्सएमएल फायली वाचतो. त्यांत आधी सर्व बिंदू येतात, मग त्या बिंदूंचे क्रमांक सांगणारे रस्ते, नद्या आणि किनाऱ्याच्या रेषा. म्हणजे रेषा काढण्याच्या वेळी बिंदू मागे पडलेले असतात. पहिल्या फेरीत मला हव्या असलेल्या रेषा कोणते बिंदू वापरतात तेवढे टिपतो, दुसऱ्या फेरीत तेवढ्याच बिंदूंचे अक्षांश-रेखांश घेतो.

येथे आणखी एक सापळा आहे. एक्सएमएलचे झाड टाळून तीच माहिती किल्ली म्हणून लाँग आकडा घेऊन मूल्य देणाऱ्या हॅशमॅपमध्ये भरली, तर फार काही साधत नाही. नेहमीच्या ६४-बिट मांडणीत एक लाँग ऑब्जेक्ट २४ बाइटांचा, हॅशमॅपमधील त्याची नोंद ३२ बाइटांची, आणि मूल्याचा ऑब्जेक्ट निराळा. आठ बाइटांच्या क्रमांकासाठी हा सगळा बडिवार. क्रमांक क्रमाने लावलेल्या साध्या लाँग-ॲरेमध्ये ठेवून बायनरी सर्चने शोधले, की तो निघून जातो. कातळवाट यांच्या खात्यांची संख्या तेवढी नसावी. त्यांना साधा हॅशमॅप पुरे.

पाणंद (चिपळूण)

झाड हवेच असेल तर सॅक्सन या लायब्ररीचे टायनी ट्री पाहावे. ते नोडचे ऑब्जेक्ट न ठेवता माहिती ॲरेंमध्ये ठेवते, त्यामुळे डॉमपेक्षा बरेच आटोपशीर असते. मात्र त्यात बदल करता येत नाहीत, फक्त वाचता येते.

आणि फायली ईमेलने येत असतील तर डॉकटाइप घोषणा (डीटीडी जाहीर करणारा सुरुवातीचा भाग) नाकारण्याचा पर्याय चालू करा. त्यात एकमेकांत गुंतवलेल्या एन्टिटींच्या (मजकुराच्या लघुरूपांच्या) काही ओळींतून गिगाबाइटांचा मजकूर फुलवता येतो. जेडीके अशा विस्तारावर मर्यादा घालते, पण तुमच्या फायलींना डॉकटाइपची गरजच नसेल तर दार बंदच ठेवलेले बरे.

कातळवाट

सुरंगी यांच्या पद्धतीने कोड लिहून झाला. जावा १७ वर आलो आणि जॅक्सबी वेगळी जोडली. हीप मुद्दाम ५१२ एमबीवर आणून मोठी फाइल दिली. ती शेवटपर्यंत गेली आणि बेरीज व्यापाऱ्याच्या अहवालाशी जुळली. उधाण यांनी सांगितल्याप्रमाणे ओळी काढलेली फाइलही देऊन पाहिली, आकडा तोच आला. खाती पहिल्या फेरीत, व्हाउचर दुसऱ्या फेरीत.

आता एकच गोष्ट राहिली. तपासणीचा निकाल हायबरनेट या लायब्ररीने डेटाबेसमध्ये लिहिला जातो आणि तेवढ्या टप्प्यात मेमरी पुन्हा चढताना दिसते. शिवाय काम संपल्यावरही ‘टॉप’ या आज्ञेत दिसणारा प्रोसेसच्या मेमरीचा आकडा खाली येत नाही. साहेब तो आकडा पाहून पुन्हा रॅमचा विषय काढतात.

सुरंगी (वेंगुर्ले)

हायबरनेटचे सेशन जतन केलेला प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतःजवळ ठेवते. एका दाराने व्हाउचर सोडून दिले आणि दुसऱ्या दाराने आत घेतले, असे तुमच्याकडे होत आहे. ठरावीक नोंदींनंतर आधी फ्लश (नोंदी डेटाबेसला पाठवणे) आणि लगेच क्लिअर (सेशन रिकामे करणे) करा; हा क्रम उलटा झाला तर न लिहिलेल्या नोंदी हरवतील. इतक्या साध्या नोंदींसाठी मी जेडीबीसीचे (जावातून डेटाबेसशी थेट बोलण्याच्या सोयीचे) बॅच इन्सर्टच वापरले असते.

उधाण (गुहागर, सध्या पुणे)

टॉपमधला आकडा म्हणजे जावाने ऑपरेटिंग सिस्टिमकडून घेतलेली मेमरी. त्यातली किती खरोखर वापरात आहे हे तो सांगत नाही. मोकळी झालेली हीप जावा लगेच परत करत नाही. जावा १२ पासून जी-वनला निवांत वेळी ती परत करता येते, परंतु त्यासाठी ‘जी-वन पीरिऑडिक जीसी इंटरव्हल’ला शून्याहून मोठा आकडा द्यावा लागतो, मूळ मांडणीत तो शून्य असतो. साहेबांना टॉप दाखवू नका. काम संपल्यावर जेडीकेतल्या जेसीएमडी या आज्ञेने क्लास हिस्टोग्रॅम (कोणत्या क्लासचे किती ऑब्जेक्ट आहेत त्याची यादी) काढा. तो मोजण्याआधी पूर्ण जीसी करून घेतो, त्यामुळे त्यात दिसतील ते जिवंत ऑब्जेक्टच. त्या यादीत व्हाउचरचा क्लास हजारोंच्या संख्येने दिसला, तर सेशन अजून काही धरून बसले आहे असे समजा आणि यादीच्या वरच्या वीस-पंचवीस ओळी येथे डकवा.